ओल्या भुशाचं वजन

माझ्या मावशीला सगळेच मावशी म्हणायचे. फाटकावरचा पहारेकरी, प्रयोगशाळेतल्या मॅडम, जनावरांचे डॉक्टर, चहावाला, झाडून सगळे. सख्खी भाची मी एकटीच, पण त्या हाकेवर माझा काही खास हक्क उरला नव्हता. लहानपणी मला याचा फार राग यायचा. "तू नक्की कोणाकोणाची मावशी आहेस?" असं मी एकदा तणतणत विचारलं होतं. ती म्हणाली, "हाक मारेल त्याची. तुझी हाक न मारताही."

ती आमच्याकडेच राहायची. आई तिची मोठी बहीण. वडील मी पाच वर्षांची असतानाच गेले, आणि मावशीनं लग्न केलं नाही. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी, तिघींची तीन तोंडं, आणि तिन्ही चालू.

अठ्ठाविसाव्या वर्षापासून मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉंड्रीत होती. वॉर्डावॉर्डांतून चादरींचे गठ्ठे यायचे, ते वेगळे करायचे, उकळायचे, पिळायचे, वाळवायचे. बावीस वर्षं हे केल्यावर तिचे हात काही वेगळेच झाले होते. गठ्ठा उचलला की न उघडता सांगायची, हा तापाच्या वॉर्डातला, हा लहान मुलांचा. ओलाव्याचेही प्रकार असतात, म्हणायची. घामाची चादर सगळीकडून सारखी जड लागते, लघवीची एका जागी ओढते, आणि नुसतं पाणी सांडलेलं असेल तर ती हाताला थंड लागते पण चिकटत नाही. आम्ही हसायचो. चादरींचं भविष्य सांगते म्हणून आई तिला ज्योतिषीणबाई म्हणायची.

मग हॉस्पिटलनं मोठाली यंत्रं आणली आणि लॉंड्रीतली निम्मी माणसं इकडे तिकडे पाठवली. मावशीची बदली झाली त्याच आवारातल्या संशोधन संस्थेत, उंदरांच्या घरात. खरं तर ते घुशीएवढे, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे प्राणी, पण तिथले सगळे त्यांना उंदीरच म्हणायचे. मावशी घाबरली होती. आठवड्यात पळून येईल, असं आईनं भाकीत करून टाकलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती डोळे मोठे करूनच. "ताई, ते हात धुतात ग! खायच्या आधी आणि खाल्ल्यावर. मग तोंड, मग कानामागे. आपल्या घरात एवढं कोणी धूत नाही."

"उंदरांचं कौतुक पुरे," आई म्हणाली. "आधी तू हात धू."

तिथल्या कामाला मावशी लवकर रुळली. पारदर्शक पेट्या, त्यांत लाकडाचा बारीक भुसा, वर जाळी, जाळीत अडकवलेली पाण्याची बाटली. भुसा बदलायचा, पेट्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, मोठ्यानं बोलायचं नाही. उंदीर शेपटीनं उचलायचा नसतो, छातीखाली बोटं घालून दोन्ही हातांत घ्यायचा, हे तिला डॉक्टरांनी एकदाच दाखवावं लागलं. ओंजळीत घेतल्यावर त्यांचं काळीज किती जोरात उडतं, हे ती आम्हाला टेबलावर बोटं वाजवून दाखवायची. "एवढंसं काळीज. एवढा वेग. आणि दिवसभर थकत नाही."

तिसऱ्या वर्षी मॅडमचा प्रयोग सुरू झाला. मॅडम म्हणजे उंच, किडकिडीत, भराभरा चालणाऱ्या बाई. प्रत्येक वाक्यानंतर "समजलं का?" असं विचारायच्या आणि खरंच उत्तराची वाट बघायच्या. जी व्यक्ती रोज प्राण्यांना हात लावणार तिला सगळं कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. उपड्या बादलीवर मावशीला बसवून, स्वतः दुसऱ्या बादलीवर बसून त्यांनी समजावलं.

"मावशी, आपण या उंदरांना मधुमेह देणार आहोत. समजलं का?"

"देणार? म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. जठराच्या मागे एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. तिथल्या काही पेशी इन्शुलिन तयार करतात. आपण जे इंजेक्शन देणार ते नेमक्या त्याच पेशी मारतं."

मावशी म्हणाली, "माझ्या ताईला मधुमेह आहे. चौदा वर्षं झाली. तिला तर कोणी असलं इंजेक्शन दिलं नव्हतं."

"त्यांचा आजार वेगळ्या वाटेनं आला. पण शेवटी रक्तात साखर साठते, ते दोघांकडे सारखंच."

पुढचं मावशीनं घरी येऊन आम्हाला तसंच्या तसं सांगितलं, बादल्यांऐवजी पाटांवर बसवून. पंधरा पेट्या, प्रत्येकीत दोन उंदीर. पहिल्या तीन पेट्यांतले निरोगीच ठेवायचे. बाकीच्या बारांना आजार द्यायचा, आणि मग आठ आठवडे उपचार. तीन पेट्यांना उपचारच नाही, नुसतं दुधाच्या पावडरीचं पाणी. तीन पेट्यांना मधुमेहाची नेहमीची गोळी त्या पाण्यात विरघळवून. तीन पेट्यांना जिवंत जंतू. आणि शेवटच्या तीन पेट्यांना गोळी आणि जंतू, दोन्ही.

जंतू म्हटल्यावर मावशी बादलीवरून उठलीच होती म्हणे. "मॅडम, जंतू मारायला मी बावीस वर्षं चादरी उकळल्या. आणि तुम्ही ते पाजणार?"

"हे चांगले जंतू. दह्यात असतात त्यांच्यातलेच. आतड्यात राहतात."

"आणि तिथे राहून साखर कमी करतात? आतड्यातून?"

"तेच बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

त्याच दुपारी मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली ते जंतू दाखवले. मावशीला आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम दिसले. आखूड आखूड काड्या, काही एकट्या, काही एकापुढे एक लागलेल्या, आणि सगळ्या किंचित थरथरत असलेल्या.

"किती आहेत या थेंबात?"

"लाखो."

"मग बाटलीत?"

मॅडमनी आकडा सांगितला. मावशीला तो आकडा घरी पोहोचेपर्यंत लक्षात ठेवता आला नाही. तिनं एवढंच सांगितलं, की त्या करंगळीएवढ्या बाटलीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जण होते, आणि ती बाटली तिनं स्वतःच्या हातांनी फ्रिजमध्ये ठेवली. "ठेवताना मी दार हळू लावलं," ती म्हणाली.

कोणत्या पेटीला काय मिळतंय हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर फक्त पेटीचा नंबर. सगळ्यांतलं पाणी सारखंच दुधाळ. यादी होती एकट्या आकडेवाल्या सरांकडे, त्यांच्या कपाटात, बंद लिफाफ्यात. सर म्हणजे संस्थेतले सगळ्यांचे आकडे तपासणारे गृहस्थ, गोल चेहऱ्याचे, कधीही न हसणारे. बघणाऱ्याला आधीच माहीत असलं की त्याला हवं तेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मावशीला हे फार पटलं. आमच्या आईला वजनकाटा नेहमी कमीच दिसायचा.

इंजेक्शन दिल्यावर तीन दिवसांत उंदरांचं घर बदललं. आदल्या दिवशी भरलेल्या बाटल्या सकाळी कोरड्या ठणठणीत. जो भुसा आठवड्यातून दोनदा बदलायचा तो रोज बदलावा लागायला लागला, कारण त्याचा नुसता चिखल व्हायचा. उंदीर खायचे खूप आणि वाळायचे. पाठीचे मणके वर दिसायला लागले. केसांची चमक गेली.

त्या संध्याकाळी मावशी घरी येऊन आईच्या शेजारी बसली, चपला न काढताच.

"ताई, आठवतं? तुझं कळायच्या आधी तू कशी पाणी प्यायचीस? तांब्यावर तांब्या. उठायचीस, प्यायचीस, मोरीत जायचीस, परत प्यायचीस. मी तुला ओरडले होते, किती पाणी पितेस म्हणून."

"ओरडली होतीस खरी."

"तसेच पितात ग. अगदी तसेच. दोन्ही हातांनी बाटलीची नळी धरून." मग ती उठली आणि आईचे पाय चेपायला लागली. आई माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होती, हिला आज काय झालंय?

उपचार सुरू झाले. रोज सकाळी डॉक्टर एकेका उंदराला बारीक नळीनं त्याच्या नंबराच्या बाटलीतलं औषध द्यायचे, आणि दर आठवड्याला तेच शेपटीच्या टोकाला टोचून साखर मोजायचे; मॅडमना नंबर झाकून नुसते आकडे मिळायचे. पहिले तीन आठवडे मॅडमच्या कपाळावर आठ्याच होत्या. आकडे वर-खाली, काही धड कळेना.

चौथ्या आठवड्यात मावशी पाच नंबरच्या पेटीतला भुसा काढायला गेली आणि थबकली. पेटी हलकी लागली. आदल्या दिवसापेक्षा थोडीशीच, पण हलकी. तिनं पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग सहा नंबरची. तीही. आठ आणि अकरा होत्या तशाच, दगडासारख्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ती धावतच मॅडमकडे गेली. "मॅडम, काही पेट्या कोरड्या पडायला लागल्यात! पाच नंबर..."

मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मावशी, नको! मला नंबर सांगू नका!"

"अहो पण चांगली बातमी आहे..."

"चांगली आहे म्हणूनच नको! मला पुढे त्यांच्या स्वादुपिंडाचे काप बघायचेत. तुमचे नंबर एकदा माझ्या डोक्यात बसले की गेलेच सगळं. सरांना सांगा, जा!"

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हातानं कळतं तुम्हाला?"

"कळतं."

"बघू."

सर कधी नव्हे ते उंदरांच्या घरात आले. बारा पेट्यांतला त्या दिवशीचा भुसा मावशीनं बारा सारख्या ट्रेमध्ये काढला. सरांनी ट्रेवरचे नंबर कागदानं झाकले, क्रम बदलला, आणि तिला म्हणाले, सगळ्यात हलका इकडे, सगळ्यात जड तिकडे, लावा ओळीनं. मॅडम बाहेर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होत्या आणि दाराच्या काचेतून दिसू नये म्हणून दर वेळी तोंड फिरवत होत्या.

मावशीनं डोळे मिटले. एकेक ट्रे दोन्ही तळव्यांवर तोलला. पाच मिनिटांत ओळ लावली. मग सरांनी तोच भुसा काट्यावर घातला, एकामागून एक. बारापैकी दहा बरोबर जागी होते. उरलेले दोन एकमेकांच्या जागी गेले होते, आणि त्यांच्यात फरक होता तीन ग्रॅमचा.

सरांनी चष्मा काढून पुसला. "एवढी वर्षं मी इथे आकडे तपासतोय," ते म्हणाले, "आणि रोज हा एवढा आकडा तुम्ही कचऱ्यात टाकत होतात. म्हणजे आम्हीच टाकायला सांगत होतो."

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम झाला. पेटीत मोजून दोनशे ग्रॅम कोरडा भुसा घालायचा, चोवीस तासांनी काढून पुन्हा वजन करायचं, आणि वहीत लिहून वही सरांकडे द्यायची. मॅडमना दाखवायची नाही.

अडचण एकच होती. मावशी चौथी शिकलेली, आणि काट्यावर दशांश चिन्हानंतरही आकडे यायचे. मी शाळेत गणित शिकवते. तर सलग तीन दिवस माझ्या मावशीनं स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून दशांश चिन्ह गिरवलं.

"हा टिंब कशाला?" ती विचारायची.

"टिंबाच्या पुढचं म्हणजे एक ग्रॅमपेक्षा कमी."

"ग्रॅमपेक्षा कमी?" ती हातातला चमचा तोलून बघायची. "त्याचाही हिशोब ठेवतात?"

"ठेवतात."

"बरं करतात," ती म्हणायची आणि टिंब इतका जोरात द्यायची की कागदाला भोक पडायचं.

इकडे घरात वेगळंच नाटक सुरू झालं. आईला उपचाराचा सुगावा लागला होता. एके दिवशी जेवताना तिनं विषय काढलाच. "तुझे ते उंदीर सुधारतायत म्हणे."

"काही सुधारतायत."

"मग त्यातली एक बाटली आण की माझ्यासाठी. करंगळीएवढी तर आहे. कोणाला कळणार?"

मावशीचा घास हातातच राहिला. "ताई, ते मोजलेलं असतं."

"उंदरांना मिळतं आणि सख्ख्या बहिणीला नाही?"

मला ठाऊक आहे, मावशीच्या मनात आलं होतं. तिनंच नंतर सांगितलं. फ्रिजचं दार उघडून ती उभी राहिली होती, सगळ्या बाटल्या समोर रांगेनं. मग दार लावलं आणि सरळ मॅडमकडे जाऊन विचारलं, की माझ्या ताईला हे देता येईल का.

मॅडमनी तिला बसवलं. "मावशी, खोटं सांगणार नाही. मला माहीत नाही. या उंदरांचा आजार आपण तीन दिवसांत तयार केला. त्यांचं खाणं, उजेड, झोप, सगळं आपल्या हातात. तुमच्या ताईंचा आजार वीस-पंचवीस वर्षं हळूहळू शिजत आलेला. इथे जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही. माणसांवर तपासायला अजून खूप वेळ लागतो. तोवर त्यांची गोळी, चालणं आणि पाय जपणं, हेच. समजलं का?"

मावशीनं घरी येऊन हे सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी उंदरापेक्षा अवघड आहे."

"ते मला लहानपणापासून माहिती आहे," मावशी म्हणाली. आणि आई खो खो हसायला लागली.

सहाव्या आठवड्यात आईच्या पायाला जखम झाली आणि तिला दवाखान्यात न्यायला मावशीनं एक दिवस सुट्टी घेतली. तीन वर्षांतली पहिली. जागेवर दुसऱ्या विभागातला एक माणूस बदलीवर आला. त्या दिवशी पेट्या बदलायच्या होत्या. त्यानं उंदीर धुतलेल्या पेट्यांत घातले, पेट्यांवर नंबरांची कार्डं लावली, सगळं नीटनेटकं करून गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आली. नेहमीप्रमाणे भुसा काढायला लागली. चार, पाच, आणि मग सहा. सहा नंबरची पेटी हातात घेतली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. जड. दगडासारखी. वाकून तिनं बाटलीची नळी बघितली, गळतेय का. भुसा बोटांत चोळला. पाणी नव्हतं, लघवीच होती. मग ती सरळ अकरा नंबरकडे गेली. हलकी.

डॉक्टर डोस द्यायला नळी तयार करत होते. मावशी म्हणाली, "डॉक्टर, थांबा. सहाची माणसं अकरात गेलीत."

"माणसं?"

"उंदीर हो. कार्डं बदललीत."

"असं कसं? कार्डं बघूनच मी काल डोस दिला."

"म्हणजे कालचा डोस चुकला."

बदलीवर आलेल्या माणसाला बोलावलं. तो चिडलाच. मी अशी कामं पंचवीस वर्षं करतोय, कोणी बाई भुसा हुंगून मला शिकवणार का? डॉक्टरही कुरकुरले. एका दिवसात एखादा उंदीर बिघडूही शकतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं ते. पण मावशी दोन्ही पेट्यांवर हात ठेवून उभी राहिली. "कान बघा," एवढंच म्हणत राहिली. "कान बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही."

प्रत्येक उंदराच्या कानाला पहिल्याच दिवशी बारीक खाचा केलेल्या होत्या, आणि कोणत्या खाचा कोणाच्या ते रजिस्टरमध्ये होतं. रजिस्टर आणलं. डॉक्टरांनी सहा नंबरच्या पेटीतला एक उंदीर उचलला, दिव्याखाली कान धरला. रजिस्टर बघितलं. पुन्हा कान बघितला. दुसरा उचलला.

"अकराचे आहेत," ते म्हणाले. "दोन्ही."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या बोटांवर दिवस मोजत होत्या. हे आज कळलं नसतं तर पुढचे दोन आठवडे चुकीचं औषध चुकीच्या उंदरांना गेलं असतं, आणि शेवटी कोणालाच पत्ता लागला नसता. सरांनी वहीत स्पष्ट लिहून ठेवलं, अमुक दिवशी दोन पेट्यांना एक दिवस चुकीचा डोस गेला. लपवायचं काही नाही, म्हणाले, जे झालं ते लिहायचं. आणि बदलीवर आलेल्या माणसानं, हे सांगायलाच हवं, दुपारी येऊन मावशीची माफी मागितली. मावशीनं त्याला दोन ट्रे उचलायला दिले. "कोणता जड?" त्याला कळेना. "चादरी उकळल्या असत्यास तर कळलं असतं," ती म्हणाली आणि त्याला चहा पाजला.

आठ आठवडे संपले. संपले म्हणजे काय होणार हे मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उंदरांना बेशुद्ध करून मारायचं, कारण आतलं बघितल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं. त्या सकाळी तिनं एकच मागणी केली. पेट्या मी आणीन, आणि डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत प्रत्येकाला मीच धरीन. अनोळखी हात नकोत. तीस उंदीर, तीस वेळा. डॉक्टरांनी सांगितलं, की इतके शांत उंदीर त्यांनी कधी बघितले नव्हते. घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही. आईनं तिला उंदरांवरून एकदाही चिडवलं नाही.

तीन आठवड्यांनी काप तयार झाले. मॅडमनी ते सगळे नंबर न बघता तपासले, प्रत्येकाला गुण दिले, आणि मगच सरांनी लिफाफा फोडला. त्या दिवशी मावशीला बोलावणं आलं. मीटिंगच्या खोलीत ती पहिल्यांदाच गेली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. सर वाचत गेले. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्या आठ, अकरा आणि तेरा. मावशीच्या वहीत सगळ्यात जड पेट्या त्याच होत्या. नुसते जंतू मिळाले त्या थोड्या हलक्या. नुसती गोळी मिळाली त्या आणखी हलक्या. आणि पाच, सहा, चौदा, ज्यांना दोन्ही मिळालं होतं, त्या सगळ्यात कोरड्या. रक्तातल्या साखरेचे आकडे तेच सांगत होते, आणि कापही.

"चौदामध्ये एक जण मात्र हट्टी होता," मावशी हळूच म्हणाली. "त्याचा कोपरा शेवटपर्यंत ओलाच."

सरांनी कागद बघितला. चौदा नंबरमधल्या एका उंदराची साखर खरंच बाकीच्यांच्या निम्मीही उतरली नव्हती. आणि मग, मॅडमनी आम्हाला नंतर सांगितलं, सर हसले.

"पण हे कसं होतं?" मावशीनं विचारलं. "जंतू राहतात आतड्यात. पेशी आहेत स्वादुपिंडात. एकानं दुसऱ्याला निरोप कसा दिला?"

मॅडम म्हणाल्या, "थोडंसं माहीत आहे. बरंचसं नाही. बारा पेट्या म्हणजे जग नव्हे, मावशी. पुन्हा करून बघावं लागेल."

ते पुन्हा करून बघणं पाच वर्षं चाललं, आणि त्यात मावशी शेवटपर्यंत होती. भुशाचं वजन हा संस्थेचा कायमचा नियम झाला. जंतूंचा परिणाम एका वेळी चांगला दिसला, एका वेळी अगदीच थोडा. मॅडमनी दोन्ही छापलं.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी संस्थेनं घरच्यांना बोलावलं होतं. आईच्या उजव्या डोळ्यानं तोवर नीट दिसेनासं झालं होतं, पायाची जखम मात्र भरली होती. भाषणं झाली, चहा झाला, आणि मग मॅडम आईला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेल्या. खाली पहिल्या प्रयोगातला एक काप होता, निरोगी उंदराचा.

"डावा डोळा लावा," मॅडम म्हणाल्या. "गुलाबी रंग दिसतोय ना? त्यात फिकट, गोल, बेटासारखं काही दिसतं का?"

आई बराच वेळ डोळा लावून होती. "दिसतं."

"इन्शुलिन तिथे तयार होतं."

"एवढ्याशात? केवढं आहे हे खरं?"

"टाचणीच्या टोकाहूनही बारीक. माणसात अशी दहाएक लाख असतात. तुमच्यातही होती."

मागे रांग लागली होती, लोक चुळबुळ करत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वीस वर्षं मी यांना शिव्या घालतेय," ती डोळा न काढता म्हणाली. "आज बघितलं." मग थोड्या वेळानं, "काही उरली असतील का ग माझ्यात?"

"तुमच्या प्रकारच्या आजारात बरीच वर्षं काही उरतात," मॅडम म्हणाल्या. "असतील."

मावशी आमच्या मागेच उभी होती, हातात हार आणि नारिंगी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू. रांगेतलं कोणीतरी पुढे सरकायला लागलं, तशी ती मध्ये आडवी झाली.

"जरा थांबा," ती म्हणाली. "तिला बघू दे."